मंगळावरचे दगड बघायचा नाद

रात्री जेवणं आटोपली की मी नासाच्या साइटवर मंगळावर फिरणाऱ्या रोव्हर गाड्यांचे रॉ, म्हणजे प्रक्रिया न केलेले, फोटो उघडून बसतो, फुकट असतात, कोणीही बघावेत, आणि घरचे म्हणतात दगडच बघायचेत तर अंधेरीला जाऊन गिल्बर्ट हिल बघ. तेही खरंच म्हणा, ती टेकडी बेसॉल्टची, म्हणजे लाव्हा थंड होऊन बनलेल्या काळ्या खडकाची, सुमारे ६.६ कोटी वर्षं जुनी, आणि मंगळावरही बेसॉल्ट भरपूर.

पहिला घोळ होतो साइझचा. झाड नाही, माणूस नाही, समोरचा दगड मुठीएवढा की रिक्षाएवढा काही कळत नाही. क्युरिऑसिटी रोव्हरच्या कॅलिब्रेशन टार्गेटवर (कॅमेरा तपासायच्या पट्टीवर) १९०९ चं एक सेंटचं नाणं लावलंय ते याचसाठी. रंगही फसवे, कारण नासा सजवून प्रसिद्ध करते त्या फोटोंत बरेचदा पृथ्वीवरच्या उजेडात दगड कसा दिसेल तसे ते अ‍ॅडजस्ट करतात.

मला सगळ्यात भारी वाटतात क्युरिऑसिटीला मंगळावरच्या गेल विवरात २०१२ मध्ये दिसलेले गोटे. गोल, गुळगुळीत, एकमेकांना चिकटलेले, एवढे खडे वाऱ्याने वाहून येत नाहीत, म्हणजे पाणीच, आणि ओढा घोट्यापासून कमरेपर्यंत खोल असावा इथपर्यंत शास्त्रज्ञांनी अंदाज बांधला!

पण नुसत्या फोटोवर जाऊ नये. मंगळावरच्याच जेझेरो विवरात कधीकाळी तळं होतं, म्हणून तिथे गाळाचा खडक असेल असं बऱ्याच जणांना वाटत होतं, पर्सिव्हरन्स या दुसऱ्या रोव्हरने २०२१ मध्ये दगड घासून बघितले तर आत स्फटिक, चक्क अग्निजन्य, म्हणजे वितळलेला रस थंड होऊन बनलेला, खडक. त्यामुळे मी आधी घासलेला भाग शोधतो, नसेल तर मत देत नाही, मित्रांच्या ग्रुपवर तर अजिबात नाही, तिथे प्रत्येक दगडात कोणाला ना कोणाला गणपती दिसतोच.