फुटलेल्या कपांचा हिशेब

मे महिन्यात बहिणीची दोन पोरं शिवाजी पेठेत आमच्याकडे राहायला आली, की पहिल्याच आठवड्यात कपबशांतल्या बशा जास्त होतात. यंदाचा मान धाकटीचा, वय वर्षं सहा. स्वयंपाकघराचं दार धाडकन ढकललं, आड स्टुलावर ट्रे होता, तीन कप गेले. आईनं खराटा घेतला आणि एवढंच विचारलं, "पायात काच शिरली न्हाई न्हवं?"

मला ज्याँ पियाजे आठवला. हा स्विस मानसशास्त्रज्ञ पोरांना जवळपास हीच गोष्ट सांगायचा. एका मुलानं दार उघडलं, मागे ट्रे आहे हे त्याला ठाऊक नव्हतं, पंधरा कप फुटले. दुसरा आई घरात नाही बघून कपाटातला जॅम चोरायला गेला, एकच कप फुटला. जास्त वाईट कोण? १९३२ साली आलेल्या त्याच्या पुस्तकात लहान मुलं बऱ्याचदा पंधरावाल्याला दोषी धरतात, मोठी मुलं चोराला.

मी जॅमच्या जागी बेसनाचे लाडू घातले आणि आमच्या खंडपीठापुढं खटला ठेवला. धाकटी लगेच म्हणाली, "पंधरावाल्याला मार." (स्वतःचे तीन ती सोयीनं विसरली होती.) अकरा वर्षांचा थोरला वैतागला, "अगं, त्याला काय म्हाईत दाराआड काय हाय ते?"

पियाजेनं गोट्या खेळणाऱ्या पोरांकडून खेळाचे नियमही शिकून घेतले होते. लहानग्यांना नियम म्हणजे वडीलधाऱ्यांनी घालून दिलेली, न बदलणारी गोष्ट वाटायची. मोठी पोरं म्हणायची, सगळे कबूल असतील तर बदलू की. त्याला आमच्या पेठेत यायला हवं होतं. इथं दर चार घरांमागं गोट्यांची घटना वेगळी. पलीकडच्या गल्लीत खेळायला गेलो आणि हरायला लागलो की आमचं ठरलेलं वाक्य, "आमच्या गल्लीत असं नसतंय!" समोरून उत्तर यायचं, "मग तुमच्या गल्लीत जाऊन खेळा." एवढ्या भांडणानंतर दोन्ही गल्ल्यांना चालतील असे नियम आम्हीच ठरवायचो, आणि त्यावरही कुणीतरी रडीचा डाव खेळायचंच.

पुढं अमेरिकेत लॉरेन्स कोलबर्गनं १९५८च्या प्रबंधासाठी शिकागोतल्या मुलांना असेच पेच घातले. त्याचा गाजलेला पेच हाइन्झचा. बायको मरणाच्या दारात, औषधवाला खर्चाच्या दहापट किंमत मागतोय, जमलेत निम्मेच पैसे. चोरी करावी का? कोलबर्गला हो-नाहीशी देणंघेणं नव्हतं, कारण काय देता ते तो बघायचा. पोलीस धरतील म्हणून नको, लोक काय म्हणतील म्हणून नको, कायदा आहे म्हणून नको, अशा पायऱ्या चढत माणूस तत्त्वापर्यंत पोचतो, असा त्याचा आराखडा.

रात्री आईलाही हा पेच घातला. ती शेंगा सोलत होती. म्हणाली, "चोरी कशाला? त्या औषधवाल्याच्या बायकोला जाऊन भेटायचं. बाईला बाईचं कळतंय."

कोलबर्गच्या पायऱ्यांवर हे उत्तर नेमकं कुठं बसवायचं, मला सांगता येईना. त्याच्या मूळ अभ्यासात सगळे मुलगेच होते. नात्यांतून, काळजीतून विचार करणाऱ्यांना हे माप अपुरं पडतं, अशी तक्रार १९८२ साली कॅरोल गिलिगननं पुस्तक लिहून केली. आमच्या आईनं शेंगा सोलता सोलता केली.

दुसऱ्या दिवशी धाकटीला घेऊन महाद्वार रोडला गेलो. महिन्यापूर्वीच घेतलेली स्कूटर कडेला लावली होती. एक कॉलेजचा पोरगा मध्येच आलेल्या म्हातारीला चुकवायला गेला आणि त्याची गाडी माझ्या गाडीवर आली. म्हातारीला काही झालं नाही. पोरगा हात जोडून म्हणत होता, "काका, मुद्दाम न्हाई केलं." माझं लक्ष पॅनेलवर. आवाज चढलेलाच होता.

धाकटी उकिडवी बसून बोटानं ओरखडे मोजत होती.

"मामा, तीन हैत."

"चार," मी म्हणालो. "हा खालचा धर की."