क्लोरीन जातंय कुठे?

विहिरीत रोज औषध पडतंय, तरी घरातले जुलाब थांबत नाहीत, अशी तक्रार घेऊन मला बोलावलं तेव्हा माझा पहिला संशय टीसीएल पावडरीवर, म्हणजे पाणी शुद्ध करायच्या ब्लीचिंग पावडरीवर गेला. ताज्या पावडरीत साधारण 33 टक्के क्लोरीन असतो. पिशवीचं तोंड उघडं राहिलं, ओल लागली की तो उडून जातो. पण इथली पिशवी घट्ट बांधलेली, पावडर कोरडी, वास झणझणीत.

“ताई, मी स्वतः मूठभर टाकते रोज,” आजी म्हणाल्या. कोरडी पावडर तशीच टाकली की बरीचशी तळाच्या गाळात जाऊन बसते. म्हणून आधी माप घेतलं. व्यास दीड मीटर, पाणी तीन मीटर, म्हणजे सुमारे 5300 लिटर. हजार लिटरला अडीच ग्रॅम या हिशेबाने 13 ग्रॅम पावडर. ती बादलीत कालवली, चुना खाली बसू दिला, वरची निवळी दुसऱ्या बादलीत घेऊन ती दोराने पाण्याखाली सोडली आणि खालीवर, आजूबाजूला चांगली हलवली. मग तासभर थांबलो.

विहिरीचं पाणी नळीत घेऊन त्यात ओटीचे (ऑर्थोटोलिडिन, क्लोरीन असेल तर पाणी पिवळं करणारं रसायन) थेंब टाकले. 10 सेकंद झाले, रंग नाही. पाव तासाने कुठे अगदी फिकट पिवळी झाक आली. तीच निवळी स्वच्छ पाण्यात टाकून पाहिली तर नळी लगेच गडद पिवळी! म्हणजे पावडर चांगली होती, विहिरीचं पाणीच क्लोरीन खात होतं. उशिरा येणारी झाक मला जास्त खटकली. मोकळा क्लोरीन शिल्लक नाही आणि जो उरलाय तो अमोनियासारख्या कशाशी तरी जोडला गेलाय, असा तिचा अर्थ. घरच्यांचं म्हणणं, “मग दुप्पट टाका.” मी नकार दिला. घाण आत येतच राहिली तर किती टाकणार?

आरशाने उन्हाची तिरीप आत पाडली. पाण्याच्या पातळीच्या हातभर वर, दोन रिंगांच्या सांध्यातून एक ओला, हिरवट ओघळ उतरला होता. झरा असता तर तो पाण्याखाली असता. ही ओल वरून येत होती. बरोबर त्याच बाजूला ओट्याला तडा होता आणि त्याला लागून धुण्याचा दगड. बाळाची दुपटी तिथेच धुतली जात. मी दगडावर चार-पाच बादल्या पाणी ओतायला लावलं आणि सगळ्यांना काठावर उभं केलं. थोड्याच वेळात सांधा ठिबकू लागला. बाळाची आई एकदम खाली बसली. तिच्या बाळालाच सर्वांत जास्त त्रास झाला होता. तिची यात काही चूक नव्हती आणि हे मी तिला पुन्हा पुन्हा सांगितलं.

पुढचं काम गवंड्याचं. तडा, सांधा आणि ओटा पक्का करून घेतला, धुणं लांब हलवलं. मग उपसा. एकाने पेट्रोलचा पंप आत सोडायचं सुचवलं, तेव्हा मी त्याला चढ्या आवाजातच थांबवलं. इंजिनाचा धूर विहिरीत साचतो आणि खाली उतरलेला माणूस वर येत नाही. पंप बाहेर दूर ठेवला, गाळ काढला, भिंती क्लोरीनच्या पाण्याने घासल्या. पाणी पहिल्या पातळीवर आल्यावर लिटरला 50 मिलिग्रॅम क्लोरीन बसेल असा मोठा डोस दिला, सुमारे 800 ग्रॅम पावडर. रात्रभर विहीर झाकून बंद. सकाळी वास जाईपर्यंत उपसा केला आणि ते पाणी झाडांपासून दूर सोडलं.

त्यानंतरच्या नेहमीच्या डोसला तासाभराने नळी पटकन पिवळी झाली. तरी जंतू तपासणीच्या बाटलीचा निकाल येईपर्यंत पाणी उकळूनच प्यायला सांगितलं. पाण्यात विष्ठेतले जंतू असले की ही बाटली काळी पडते. ती 48 तासांत काळी पडली नाही. आता पहिल्या जोराच्या पावसानंतर पुन्हा जाऊन सांधा बघायचाय. तोवर माझ्या वहीत ही विहीर उघडीच आहे.