भिंतीतली केबलची वायर काढून टाकू नका, तिच्यावर इंटरनेट चालतं

इकडे न्यू जर्सीत कुठल्याही जरा जुन्या घरात गेलं की खोल्याखोल्यांत भिंतीवर आटेवालं धातूचं टोक दिसतं, ते केबल टीव्हीचं. आता सगळे टीव्ही वायफायवर बघतात, त्यामुळे ती टोकं नुसती पडून असतात. पण ह्याच वायरीवरून घरातल्या घरात नेट फिरवता येतं आणि ते वायफाय रिपीटरपेक्षा कितीतरी चांगलं चालतं, म्हणून हे मुंबईकरांना मुद्दाम सांगतोय. कारण घरी व्हिडिओ कॉल लावला की आई पहिलं वाक्य हेच बोलते, थांब रे, हॉलमध्ये येते, आत रेंज नाही! फायबरवाला राउटर दाराजवळ लावून जातो, मध्ये आरसीसीचे कॉलम आणि विटांच्या भिंती, तिथे ५ गिगाहर्ट्झचं वायफाय दुसऱ्या भिंतीपाशीच मान टाकतं.

ह्या तंत्राचं नाव मोका (MoCA), म्हणजे केबल टीव्हीच्या वायरीवरून नेट नेणं. दोन ॲडॅप्टर लागतात. एक राउटरजवळ, लॅन वायरने राउटरला आणि दुसऱ्या बाजूने केबलच्या टोकाला जोडायचा, दुसरा बेडरूममधल्या टोकाला, की तिथे लॅन पोर्ट तयार, त्यावर लॅपटॉप लावा नाहीतर छोटा ॲक्सेस पॉइंट, म्हणजे त्या खोलीत वायफाय देणारा डबा. बस. इकडे व्हेरायझन ह्या टेलिफोन कंपनीने तिच्या फायॉस नावाच्या फायबर कनेक्शनसाठी घराच्या आत वर्षानुवर्षं हेच वापरलं, म्हणजे हा काही जुगाड नाहीये. मोका २.५ चा वेग २.५ गिगाबिटपर्यंत जातो आणि एका वायरिंगवर १६ ॲडॅप्टर चालतात.

केबल टीव्ही चालू असला तरी सहसा अडचण नाही, कारण टीव्हीचे सिग्नल १००० मेगाहर्ट्झच्या खाली असतात आणि मोका ११२५ ते १६७५ मध्ये चालतो. मात्र डिश असेल तर ती वायर सोडा, डिशचा सिग्नल ९५० ते २१५० मध्ये येतो, दोघांची टक्कर होणार.

खरी गोम स्प्लिटरमध्ये, म्हणजे एका वायरीचा सिग्नल अनेक वायरींत वाटणाऱ्या डब्यात असते. माळ्यावर नाहीतर टीव्हीमागे केबलवाल्याने कधीकाळी लावलेला जो छोटा डबा असतो ना, त्यावर बहुतेक ५-१००० (मेगाहर्ट्झ) लिहिलेलं असतं, म्हणजे मोकाचा सिग्नल त्याच्या पल्ल्याबाहेर, तो काढून ५-१६७५ वाला लावायचा, आणि एकच वायर सरळ जात असेल तर स्प्लिटर ठेवायचाच नाही. वायर बाहेर केबलवाल्याच्या लाइनला जोडलेली असेल तर ती जिथून घरात शिरते तिथे पीओई (पॉइंट ऑफ एंट्री) फिल्टर, म्हणजे मोकाचा सिग्नल बाहेर जाऊ न देणारा छोटा अडसर, हवाच, नाहीतर तुमचा सिग्नल शेजाऱ्यांकडे पोचू शकतो. लोक हे टाळतात, प्लीज टाळू नका, आणि ॲडॅप्टरला पासवर्डही घाला.

आता मुंबईत हे कुठे जमेल? नव्या टॉवरमध्ये बिल्डरने हॉल आणि बेडरूममध्ये कन्सिल्ड केबल पॉइंट दिलेले असतात, तिथे मस्त जमेल. जुन्या सोसायटीत जिथे वायर गच्चीवरून लोंबत येऊन खिडकीतून फक्त हॉलमध्ये शिरते तिथे आत वायरच नाही, मग मोकाच्या नादी न लागता केसिंग पट्टीतून साधी लॅन वायर ओढून घ्या, ते स्वस्त पडेल. खरेदीच्या आधी इलेक्ट्रिशियनकडून एवढं तपासून घ्या की बेडरूमच्या पॉइंटची वायर नक्की कुठे निघते आणि मध्येच कापलेली तर नाही. इकडून कुणी ॲडॅप्टर आणणार असेल तर चार्जरवर १००-२४० व्होल्ट लिहिलंय का बघायला सांगा, इकडची वीज १२० व्होल्टची असते.