तुम्ही विचारलंत म्हणून: जिलेटीनच्या गोळीला वेगळं मशीन का लागतं?

नाशिकजवळच्या अंबड, सातपूर, सिन्नरच्या औषध कारखान्यांत काम करणारी मंडळी हा प्रश्न हमखास विचारतात. आमच्याकडे चांगला ऑटोकोटर, म्हणजे गोळ्यांवर आवरण चढवणारं फिरतं पॅन आहे, स्प्रे गन आहेत, रोज लाखो गोळ्यांवर फिल्म, म्हणजे पातळ आवरण, चढते. मग कॅपसूलसारखी चकचकीत, अर्धी लाल अर्धी पिवळी जिलेटीनची गोळी करायची म्हटली की नवीन मशीन कशाला? फिल्मसाठी नेहमी वापरतो त्या एचपीएमसीच्या (सेल्युलोजपासून केलेल्या पदार्थाच्या) जागी जिलेटीनचं द्रावण भरलं की झालं, नाही का?

नाही होत. एचपीएमसी वाळून बसतं. जिलेटीन आधी गार होऊन बसतं आणि नंतर सावकाश वाळतं. मशीनमधला जवळजवळ प्रत्येक भाग या एका फरकामुळे तसा आहे.

संक्रांतीचा हलवा घरी होताना पाहिला असेल तर पॅन कोटिंग तुम्हाला आधीच कळलेलं आहे. मंद आचेवर परात, तिळावर चमचा-चमचा पाक, बोटांनी सतत हलवणं. पाण्याची वाफ होते, साखर मागे राहते, थरावर थर चढतो. शुगर कोटिंगचं पॅन म्हणजे तीच परात तिरकी करून मोटरला जोडलेली. फिल्म कोटिंगमध्ये थर पातळ आणि पाक गनमधून उडवलेला, पण तत्त्व तेच.

आता त्या परातीत पाकाऐवजी सरस ओतून पाहा. जिलेटीन म्हणजे शेवटी अतिशय शुद्ध केलेला सरसच. सुतार सरसाचा डबा गरम पाण्याच्या भांड्यात ठेवतो, थेट आचेवर नाही, आणि लाकडाला लावला की लगेच जोड दाबतो, कारण गार व्हायला लागला की तो ओढ धरतो. पॅनमध्येही तेच होतं. गनच्या तोंडाशी दाबाची हवा पसरून गार होते आणि नोझलवर जिलेटीनचा गोळा धरतो. जो थेंब सुटतो तो गोळीवर पसरण्याआधीच गोठतो, म्हणून पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा येतो. अर्धवट गोठलेला थर सर्वांत चिकट असतो, त्यामुळे गोळ्या एकमेकींना चिकटून जुळ्या होतात आणि सुटताना दोघींचीही फिल्म सोलून निघते. द्रावण खूप पातळ केलं तर फवारता येतं, पण मग पाणी इतकं जातं की वेळ वाढतो, गाभा ओला होतो आणि जिच्यासाठी हा खटाटोप ती चमक येतच नाही.

म्हणून जिलेटीनचा थर फवारण्याऐवजी बुडवून किंवा गुंडाळून देतात. बुडवण्याची कल्पना जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात औषधाच्या वाटोळ्या गोळ्या सुयांवर टोचून जिलेटीनमध्ये बुडवत. सुई काढली की भोक राहायचं आणि ते पुन्हा थेंब लावून बुजवावं लागे. पुढे सुईऐवजी हवा ओढणाऱ्या नळ्यांनी गोळी धरायला लागले, तेव्हा अर्धी एकदा आणि उरलेली अर्धी नंतर अशी दोन वेळा बुडवायची पद्धत आली. आजचं मशीन त्याच नळीचं नातवंड आहे. या गोळीला मोठी मागणी आली ती अमेरिकेत. 1982 मध्ये शिकागो भागात टायलेनॉल या वेदनाशामक औषधाच्या कॅपसूल उघडून कोणीतरी त्यात सायनाइड भरलं, सात माणसं गेली. 1986 मध्ये पुन्हा एक मृत्यू झाला. कॅपसूल उघडता येते, गोळी उघडता येत नाही. पण लोकांना गिळायला कॅपसूलच आवडायची. त्यातून कॅपसूलसारखी दिसणारी, आतून घट्ट गोळी असलेली जेलकॅप पुढे आली.

बुडवण्याच्या मशीनची सुरुवात टाकीपासून करू, कारण निम्म्या चुका तिथेच होतात. 50 किलो द्रावण करायचं तर साधारण 16 किलो जिलेटीन आणि 34 किलो शुद्ध पाणी. पाण्यातलं 3 किलो रंगासाठी बाजूला काढा. त्यात सुमारे 320 ग्रॅम टायटॅनियम डायऑक्साइड (आवरण अपारदर्शक करणारी पांढरी पावडर) आणि रंग वेगळे दळून घ्यायचे. कोरडी पावडर टाकीत थेट टाकली की तिच्या गुठळ्या शेवटपर्यंत फुटत नाहीत. जिलेटीन थंड पाण्यात शिंपडून अर्धा ते एक तास फुगू द्या. ही पायरी वाचवायला म्हणून गरम पाण्यात टाकलं तर प्रत्येक दाण्याला बाहेरून चिकट कवच येतं आणि आत कोरडा गाभा राहतो. फुगल्यावर टाकीभोवतीच्या गरम पाण्याच्या जॅकेटमधून 60 अंशांपर्यंत गरम करा, ढवळणं हळू ठेवा, व्हॅक्युम लावून बुडबुडे काढा आणि 50 ते 55 अंशांवर धरून ठेवा.

धरून ठेवा म्हणजे एका पाळीपुरतं. गरम द्रावणात जिलेटीनच्या साखळ्या तुटत राहतात, आम्ल असेल तर आणखी लवकर, आणि घट्टपणा तासागणिक उतरतो. रात्रभर ठेवलेल्या टाकीवर सकाळी त्याच सेटिंगने चालवलं की थर पातळ येतो आणि दोष मशीनला दिला जातो. शिवाय जिलेटीन हे जंतूंचं आवडतं खाद्य. अर्धवट गार टाकी म्हणजे त्यांना दिलेलं आमंत्रणच.

जिलेटीन खरेदी करताना ब्लूम आकडा विचारतात, पण तो काय सांगतो हे क्वचितच विचारतात. 6.67 टक्क्यांचं द्रावण 10 अंशांवर साधारण 17 तास ठेवून झालेल्या जेलमध्ये 12.7 मिलिमीटर व्यासाचा दट्ट्या 4 मिलिमीटर खाली जायला जितके ग्रॅम लागतात, तो ब्लूम. म्हणजे तो गोठलेल्या जेलची ताकद सांगतो. बुडवताना तुम्हाला गरजेचा असतो गरम द्रावणाचा घट्टपणा. सारख्याच ब्लूमच्या दोन लॉटचा घट्टपणा वेगळा असू शकतो. दोन्ही आकडे मागा.

गोळीचीही तयारी लागते. नुकतीच दाबलेली गोळी काही तास किंचित फुगत राहते, म्हणून ती एक-दोन दिवस ठेवूनच पुढे न्यावी. नाहीतर आतला गाभा वाढतो आणि आवरण दोन अर्धे जुळतात त्या शिवणीवर तडकतं. मग तिच्यावर एचपीएमसीचा 2 ते 4 टक्के वजनवाढीचा आधीचा थर द्यावा लागतो, आणि इथे तुमचा ऑटोकोटर कामाला येतो. हा थर वाचवू नका. गोळीत सूक्ष्म छिद्रं असतात. ती 50 अंशांच्या द्रावणात गेली की आतली हवा प्रसरण पावून बुडबुडा बनते आणि तिथे टाचणीएवढं भोक राहतं. त्याच छिद्रांतून पाणी आत शोषलं जातं आणि गाभा भुसभुशीत होतो. कोरलेली अक्षरंही विसरा, जिलेटीन खाचा भरून टाकतं. नाव हवं असेल तर नंतर खाद्य शाईने छापायचं.

आता मुख्य क्षण. पट्टीवरच्या होल्डरमध्ये गोळ्या रांगेने अर्ध्या घुसवलेल्या, अर्ध्या खाली लोंबणाऱ्या. पट्टी उतरते, गोळीचा अर्धा भाग द्रावणात जातो आणि ठरलेल्या वेगाने वर येतो. द्रावण जितकं घट्ट आणि वर येण्याचा वेग जितका जास्त, तितका थर जाड. वर आली की गोळीच्या टोकाला एक थेंब लोंबतो. तो तसाच गोठला तर टोकावर गाठ आणि कडेला पातळ साल. म्हणून पट्टी लगेच उलटी फिरते, थेंब टोकावरून मागे कडेकडे पसरतो आणि तो पसरत असतानाच 20-22 अंशांची हवा त्याला जागेवर धरते. हा सगळा खेळ मोजक्या सेकंदांचा आहे. हवा एक क्षण आधी आली तर गाठ राहते, उशिरा आली तर द्रावण होल्डरच्या तोंडापर्यंत ओघळतं आणि गोळी तिथेच चिकटते.

पहिली बाजू वाळली की गोळ्या ढकलून समोरच्या होल्डरमध्ये जातात आणि दुसरी बाजू दुसऱ्या रंगात बुडते. दुसरा थर पहिल्याच्या कडेवर थोडा चढलाच पाहिजे, नाहीतर मध्ये गाभा उघडा पडतो. पण दुसरं द्रावण जास्त गरम असेल किंवा पहिली बाजू ओलसर असेल तर ती कड वितळते आणि लाल-पिवळ्याची रेघ पुसट होते. रेघ पुसट दिसली की लोक रंग बदलतात. आधी दुसऱ्या बाथचं, म्हणजे बुडवायच्या द्रावणाच्या भांड्याचं, तापमान पाहा.

बाथकडेही लक्ष हवं. उघड्या गरम द्रावणावर दुधासारखी साय धरते आणि पाणी उडून ते घट्ट होत जातं. म्हणून द्रावण सतत फिरतं ठेवून काठावरून ओसंडू देतात आणि घट्टपणा मोजून तेवढंच गरम शुद्ध पाणी मिसळतात, अंदाजाने नाही.

आता वाळवणं. 19 मिलिमीटर लांबीच्या गोळीचं क्षेत्रफळ साडेतीनशे चौरस मिलिमीटर धरा, वाळलेला थर कॅपसूलच्या कवचाइतका, 0.1 मिलिमीटर. म्हणजे प्रत्येक गोळीवर सुमारे 45 मिलिग्रॅम थर, आणि तो देताना जवळपास 80 मिलिग्रॅम पाणी हवेत जायला हवं. दहा लाख गोळ्यांमागे 80 लिटर. गरम हवा मारून ते घाईने काढता येत नाही, कारण ओला थर गरम झाला की पुन्हा पातळ होऊन घसरतो. मार्ग एकच, हवा कोरडी ठेवायची.

नाशिकमध्ये इथेच फसगत होते. मार्च-एप्रिलच्या दुपारी इथली हवा इतकी कोरडी असते की मशीन साध्या एसीवरही सुरेख चालतं आणि ट्रायल पास होते. मग जुलै येतो. 24 अंशांची हवा 30 टक्के आर्द्रतेवर हवी असेल तर तिचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला तिच्यातल्या वाफेचं दव बनू लागतं तो आकडा, साधारण 5 अंश असावा लागतो. 7 अंशांचं पाणी फिरवणाऱ्या चिलरच्या कॉइलवरून येणाऱ्या हवेचा दवबिंदू सहसा 11-12 अंशांच्या खाली जात नाही, म्हणजे खोलीत 45 टक्क्यांच्या आसपास. चिलर कितीही मोठा घेतला तरी हे बदलत नाही. सिलिका जेलचं फिरतं चाक असलेला डिह्युमिडिफायरच लागतो, आणि तो मशीनच्या कोटेशनमध्ये बहुधा नसतो. म्हणून ट्रायल पावसाळ्यात घ्या, मशीन बनवणारा कितीही घाई करो. उलट उन्हाळ्यात अती कोरड्या हवेने वरची साल आधी कडक होते, आत पाणी अडकतं. जिलेटीन आकसतं, गाभा आकसत नाही, आणि आठवड्याभराने पाकिटात भरलेल्या गोळ्या तडकलेल्या दिसतात.

गुंडाळण्याच्या पद्धतीत हा त्रास वेगळ्या जागी आहे. तिथे सॉफ्टजेलच्या (आत पातळ औषध असलेल्या मऊ कॅपसूलच्या) मशीनसारख्या गार ड्रमवर जिलेटीन आणि ग्लिसरीनच्या दोन फिती ओततात, फिरत्या साच्यांमध्ये बरोबर वेळ साधून गोळी सोडतात आणि फिती तिच्याभोवती दाबून कापल्या जातात. शिवण कमरेभोवती येते. वेग चांगला, पण गोळी साच्यात किंचित वाकडी पडली की फुटते आणि तिचा चुरा शिवणीत जातो. तिसऱ्या पद्धतीत कॅपसूलचे ओलसर भाग गोळीवर चढवून आकसू देतात.

थर बसला तरी एक धोका मागे राहतो. गोळीतल्या किंवा आवरणातल्या घटकांत अल्डिहाइडचे (फॉर्मॅल्डिहाइडच्या जातीच्या रसायनांचे) अंश असतील आणि साठवण उष्ण-दमट असेल तर जिलेटीनच्या साखळ्या एकमेकींत अडकतात आणि पाण्यात न विरघळणारी पातळ कातडी बनते. 40 अंश आणि 75 टक्क्यांच्या स्थिरता चाचणीत विरघळण्याचा आकडा घसरला तर औषधाला दोष देण्याआधी हे तपासा. पेप्सिनसारखं प्रथिनं पचवणारं एन्झाइम घालून चाचणी पुन्हा केली आणि आकडा वर आला, तर अडथळा त्या कातडीचा होता.

आणि यानंतरचा प्रश्न ठरलेला असतो: शाकाहारी करता येईल का? आपल्याकडचं औषधी जिलेटीन प्रामुख्याने गुरांच्या हाडांपासून येतं, त्यामुळे प्रश्न रास्त आहे. पर्याय म्हणून एचपीएमसी सुचवतात, पण त्याचं द्रावण जिलेटीनच्या उलट वागतं. गरम केलं की जेल होतं, गार केलं की पातळ. ते तसंच बाथमध्ये घेतलं तर 20 अंशांच्या हवेत गोळीवरून ओघळून जाईल. त्यात कॅराजिनन (समुद्री शेवाळापासूनचा जेल करणारा पदार्थ) आणि पोटॅशियमचा क्षार घातला की ते गार झाल्यावर बसायला लागतं आणि हेच मशीन चालतं. मात्र ते किती अंशांवर बसेल हे पोटॅशियमच्या प्रमाणावर ठरतं. त्यामुळे जिलेटीनची सेटिंग तशीच उचलू नका. आधी छोट्या बीकरमध्ये ते कुठल्या तापमानाला धरतं ते पाहा आणि बाथ त्याच्या वर पुरेसं अंतर ठेवून लावा.