गाडीची मागची बाजू

शोरूममध्ये मोटारसायकल बघायला गेलेला माणूस हेडलाईट बघतो, टाकी थोपटतो, सीटवर बसून हँडल डावीउजवीकडं वळवतो आणि शेवटी ॲव्हरेज विचारतो. मागं जाऊन टेल-लाईट न्याहाळणारं गिऱ्हाईक मी तरी पाहिलेलं नाही. गाडी घरी येते, नारळ फुटतो, हार वाळतो, आणि मग कुठं मागच्या बाजूची आठवण होते. आमच्या लातूर-उदगीर-अंबाजोगाई पट्ट्यात पोराचं लक्ष एकदा गाडीच्या मागं गेलं, की बापाच्या खिशाकडं जायला त्याला फार वेळ लागत नाही.

गंमत अशी, की चालवणाऱ्याला ही बाजू दिसतच नाही. आरशातसुद्धा दिसतो तो मागचा रस्ता आणि आपलाच खांदा. ती सगळी बाजू मागून येणाऱ्याच्या मालकीची. तिला कामं दोनच: ‘मी कुठला’ हे पाटीनं सांगायचं आणि ‘मी थांबायलोय’ हे लाल दिव्यानं.

पहिलं काम आमच्याकडं फार मन लावून वाचलं जातं. टपरीवर बसलेला माणूस गाडी पुढं गेली की आधी पाटी बघतो. २४ लातूर, २३ बीड, २५ धाराशिव, २६ नांदेड. अंबाजोगाईचा आपला वेगळा ४४. दिवाळीत गावात १२ आणि १४ दिसायला लागले की पुण्याची, चिंचवडची पोरं आली म्हणायचं. त्यातला एखादा १२ वाला तुळशीच्या लग्नानंतरही गावातच फिरत असला, तर ‘याची नोकरी गेली काय रे?’ इथपर्यंत चौकशी पोचते.

पूर्वी या पाटीवर बरंच काही मावायचं. चौकातला रेडियमवाला कैचीनं कागद कापून अक्षरं काढायचा, तीही तिरकी, शेपटीवाली. ८०५५ इंग्रजी आकड्यांत लिहून त्याचा ‘बॉस’ व्हायचा, २१४ ला जरा वळण दिलं की ‘राम’. कुणाच्या पाटीवर नंबर कोपऱ्यात आणि ‘आईची कृपा’ मधोमध. मराठी आकड्यांची पाटी तर अभिमानाची गोष्ट. पोलिसानं अडवलं, की नंबरापेक्षा भाषेवरच वाद जास्त व्हायचा. नियमाला मात्र इंग्रजी अक्षरं आणि इंग्रजीत लिहितो तसलेच आकडे लागतात, मागच्या अक्षरांची उंची ३५ मिलिमीटर आणि आकड्यांची ४०. एवढ्या मापात कुणाची हौस बसणार?

मग आली ती सरकारी उच्च सुरक्षा पाटी. १ एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या गाड्यांना ती सोबतच मिळाली. जुन्यांनाही सक्तीची झाली, मुदती पडल्या, मुदती वाढल्या. दुचाकीच्या मागची पाटी २०० बाय १०० मिलिमीटरची, ॲल्युमिनियमची, डाव्या कोपऱ्यात अशोकचक्राचा होलोग्राम आणि लेझरनं कोरलेला अनुक्रमांक. अक्षरं उठावदार, त्यांच्यावर तिरकं बारीक ‘इंडिया’ छापलेलं. बॉस गेला, राम गेला, आईची कृपाही गेली. सगळ्या तालुक्याच्या पाट्या एकाच अक्षरात. रेडियमवाला आता टाकीवर नाव आणि मडफ्लॅपवर वाघ काढून देतो.

माझा संशय असा, की पोरांचा जो हात पाटीवरून उठला तोच दिव्यांवर येऊन बसला. पाटी सरकारनं घेतली, मग उरलं काय? टेल-लाईट. तिच्यावर काळी फिल्म, ब्रेक मारला की थरथरणारा एलईडी, एका बाजूनं पळत जाणारा इंडिकेटर. आणि पाटीच्या मागचा तो लांबलचक प्लास्टिकचा मडगार्ड कापून सीटखाली आखूड पट्टी, जिला पोरं ‘टेल टायडी’ म्हणतात.

या हौसेचा उगम कुठं हेही मला माहीत असल्यासारखं वाटतं. २००६ च्या सुमारास पल्सरला मागं दोन उभ्या लाल एलईडी पट्ट्या आल्या. रात्री अर्ध्या मैलावरून गाडी ओळखू यायची. तोवर मागचा दिवा म्हणजे लाल काचेआडचा एक बल्ब. त्यात दोन तारा, ५ वॅटची नेहमी पेटणारी आणि २१ वॅटची ब्रेकची. बुडाशी दोन खुंट्या, त्या मुद्दाम वरखाली, म्हणजे बल्ब उलटा बसूच नये. साधी, शहाणी वस्तू. पण तिच्याकडं बघून कुणाच्या काळजात काही हललं असेल असं नाही.

पुतण्यानं गाडीचे जाड इंडिकेटर काढून बोटभर एलईडीवाले बसवले, तेव्हा मी गॅरेजवर हजर होतो. बटण दाबलं तर ते असे भराभर मिचकायला लागले की पुतण्याचा चेहराच उतरला. मिस्त्रीभाई हसले. ‘‘लोगां रेजिस्टर डालते, मगर वो तपता. रिलेच बदल डालो.’’ कारण साधं आहे. जुने बल्ब १० वॅटचे, आणि फ्लॅशर रिले, म्हणजे इंडिकेटर मिचकावणारी डबी, त्यांनी ओढलेल्या करंटवर ताल धरतो. करंट घटला की त्याला वाटतं एक बल्ब उडाला, मग चालवणाऱ्याला कळावं म्हणून तो घाई करतो. एलईडी करंट ओढतो नावाला, ती तूट भरायला लोक रेजिस्टर जोडतात. म्हणजे बिघाड काहीच नव्हता, रिले बिचारा इमानदारीनं तक्रार करत होता.

खरी अडचण आली पाटीला. नवी पाटी ज्या स्नॅप-लॉकनं बसते ते एकदाच बसतं. खोलायचं तर फोडावंच लागतं, आणि फोडलं की पुन्हा अर्ज, पुन्हा पैसे, पुन्हा तारीख. मिस्त्रीभाईंनी ब्रॅकेटला हातच लावला नाही. जुन्या मडगार्डचा पाटीखालचा तेवढा तुकडा आरीनं कापला आणि पाटीसकट तो नव्या पट्टीला मागून बोल्ट केला. लॉक शाबूत. पाटीवर उजेड टाकणारा छोटा दिवाही त्यांनीच आठवणीनं जोडला, पांढरा. पुतण्याला निळा पाहिजे होता. ‘‘नै मिलता,’’ म्हणाले. ड्रॉवरमध्ये निळे पडलेले मी बघितले होते.

पाटी सीटखाली दुमडून कॅमेऱ्याला चुकवणारे हुशारही आहेत. ई-चलान येत नाही म्हणतात. मला ते पटत नाही. ज्या बाजूचं कामच दिसायचं आहे ती लपवायची, मग गाडीला मागची बाजू ठेवलीच कशाला? मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम नोंदणीतल्या तपशिलांशी न जुळणारे बदल करू नका म्हणतं ते वेगळंच.

मडगार्ड कापल्याचा हिशेब मृगाच्या पहिल्या पावसात मिळाला. आमची काळी माती पुढच्या चाकात अशी गच्च बसते की गाडी उभी करून काडीनं खरडावी लागते, म्हणून शेतात जाणारे पुढचा मडगार्डच काढून ठेवतात. त्यात निदान तर्क आहे. मागचा कापला की तीच माती मागं बसलेल्याच्या पाठीवर कमरेपासून कॉलरपर्यंत सरळ रेघ ओढते. पुतण्याच्या मित्राचा पांढरा शर्ट वाळल्यावर मी ती रेघ नखानं उचलून बघितली, पापडासारखी सुटली.

एलईडीचं मात्र मी कौतुक करतो, आणि ते कौतुक ऊसतोडीच्या दिवसांत वाढतं. साध्या बल्बची तार तापून पूर्ण उजळायला सुमारे दोन दशांश सेकंद घेते, एलईडी बटणाबरोबर लागतो. ताशी ६० किलोमीटरनं मागून येणारी गाडी तेवढ्यात तीन मीटरहून जास्त पुढं सरकते. दिवसा याचं कुणाला काही वाटणार नाही. पण रेणापूर-अंबाजोगाई रस्त्यावर रात्री दहाला, कारखान्याकडं निघालेल्या ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, स्पीकरवर गाणी जोरात आणि मागं दिवा नाही. असलाच तर उसाच्या वाढ्याखाली झाकलेला. अशा ट्रॉलीमागं आपण अचानक ब्रेक मारतो, तेव्हा आपल्या मागं कोण आहे आणि त्याला आपण केव्हा दिसणार, हे सगळं त्या तळहाताएवढ्या लाल काचेवर येऊन ठेपतं. तिच्यावर काळी फिल्म लावणाऱ्या पोराला एकदा त्या रस्त्यानं माझ्या मागं गाडी चालवायला लावायची माझी इच्छा आहे. ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर चिकटवायच्या मोहिमा दर हंगामात होतात. बैलगाडीच्या मागंही आता रेडियमची पट्टी दिसते. बैलांना कळलं ते ट्रॅक्टरवाल्यांना अजून पुरतं कळायचंय.

पुतण्याच्या गाडीचा कारभार शेवटी आमच्या आईच्या हातात गेला. नव्या रूपात ग्रॅब रेल आणि साडीगार्ड दोन्ही उतरवले होते, कारण त्यांनी ‘लूक’ जातो. तिला रविवारी तुळजापूरला जायचं होतं. तिनं गाडीभोवती एक फेरी मारली, मागं हात लावून बघितला.

‘‘धरायला काय ठिवलंस रं मागं? तुझे केस धरू का?’’

‘‘आजी, खांद्याला धर की.’’

‘‘आन् पदर? पदर कुठं ठिवू? चाकात?’’

सोमवारी गाडी परत मिस्त्रीभाईंकडं. ग्रॅब रेल बसली, साडीगार्ड बसलं, त्यामुळं उजवा इंडिकेटर दोन बोटं खाली घ्यावा लागला आणि तो आता पाटीच्या कडेवर येतोय. पुतण्या नव्या पट्टीच्या शोधात आहे. आईनं सांगून ठेवलंय, काय लावायचं ते लाव, पण लावायच्या आधी मला एकदा बसवून बघ.