बेशुद्ध पेशंटची सही कोण करणार?

एमएस, सीनियर रेसिडेन्सी, मग ट्रॉमात, म्हणजे अपघातातल्या जखमींच्या विभागात, लेक्चरर, इथवर सगळं सरळ झालं. संशोधनाचं मनावर घेतलं आणि माझी गाडी अडली ती संमतीपत्रातल्या एका रकान्यावर. त्या रकान्याचा राग अजून गेलेला नाही.

विषय साधा होता. 108 मधून आलेला, हायवेवर चिरडलेला पेशंट. केसपेपरवर 'अनोळखी पुरुष, अंदाजे वय 30'. त्याचं रक्त दारात पोहोचतानाच नीट गोठत नसतं का? लंडनचे ट्रॉमा सर्जन करीम ब्रोही यांनी 2003 साली हजारावर जखमींच्या नोंदी तपासून दाखवलं, की साधारण चौथ्या हिश्शाचं रक्त आल्या आल्याच बिघडलेलं असतं, आणि त्याचा सगळा दोष सलाइनने रक्त पातळ होण्याला देता येत नाही. मला आमच्याकडचे आकडे हवे होते. पहिली पिशवी लावण्याआधी 3 मिली जादा रक्त घ्यायचं, बस. नवं औषध नाही की जादा सुई नाही.

संशोधनाला मान्यता देणाऱ्या एथिक्स कमिटीच्या कार्यालयाने फाइल परत केली. कारण काय, तर 'नातेवाइकाची सही' हा रकाना रिकामा. मी म्हटलं, "अहो, नातेवाईक पोलिसांनाही सापडलेला नसतो." उत्तर आलं, "मॅडम, रकाना रिकामा चालत नाही." 'लागू नाही' लिहिलं, तेही चालेना. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांत संमती नंतर घेण्याची सोय आहे, फक्त कमिटीची मान्यता आधी लागते. ते पान छापून, अधोरेखित करून फाइलला लावलं. मग बैठकच रद्द झाली, कारण आमच्या कमिटीच्या कोरमला कायदातज्ज्ञ लागतो आणि वकीलसाहेब कोर्टात अडकले होते. त्या काळात रात्री कॅज्युअल्टीत असा पेशंट आला की माझा जीव नुसता तळमळायचा.

शेवटी बैठक झाली. मोठमोठे प्राध्यापक फॉर्मचा फाँट बघत बसले, आणि नेमका प्रश्न विचारला तो सामान्य नागरिक म्हणून कमिटीवर असलेल्या बाईंनी: "तो शुद्धीवर येऊन नको म्हणाला तर?" मी म्हटलं, नमुना आणि नोंद दोन्ही नष्ट करू. "आणि शुद्धीवर आलाच नाही तर?" यावर खोलीत बराच वेळ चर्चा झाली. ठरलं असं, की नातेवाईक मिळाले तर त्यांना विचारायचं. कुणीच नसेल तर अभ्यासाशी संबंध नसलेल्या डॉक्टरने लेखी नोंद करायची. ही अट मला आजही पटते. माझ्या मसुद्यापेक्षा ती चांगली होती.

तेव्हा तुम्ही अर्ज करणार असाल तर या दोन प्रश्नांची उत्तरं पहिल्याच पानावर लिहा. कार्यालयातल्या माणसाशी वाद घालू नका, थेट कमिटीच्या सदस्य-सचिवांची वेळ घ्या. रक्तपेढीच्या प्रमुखांना सुरुवातीपासून सोबत घ्या. मान्यता मिळाल्यावर त्यांच्याकडे जाल तर तिथे नवी फाइल उघडेल. ट्रायल करणार असाल तर पहिला पेशंट घेण्याआधी सीटीआरआयवर (क्लिनिकल ट्रायल्सच्या भारतीय नोंदवहीत) नोंदणी हवी, 1 एप्रिल 2018 पासून मागाहून केलेली चालत नाही.

आणि हो, रक्त गोठण्याच्या तपासणीची, निळ्या टोपणाची नळी खुणेपर्यंत भरा. रक्त आणि नळीतल्या सायट्रेटचं (ते रक्त गोठू देत नाही) 9:1 प्रमाण चुकलं की लॅब नमुना फेकते, मग सही कुणाचीही असो.