मुंबई–न्यूयॉर्क: सोळा तास फक्त हवेतले

मुंबई ते जेएफके (न्यूयॉर्कचा मुख्य विमानतळ) सरळ अंतर साधारण 12,540 किलोमीटर. ताशी 900 ने भागलं की चौदा तास येतात, आणि या भागाकारावर विसंबून पुढचं काही बुक करणारा फसतो. जाताना सोळा तास धरा. वरचे वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, म्हणजे जाताना तोंडावर, हिवाळ्यात अधिकच. शिवाय जवळची वाट पाकिस्तानवरून रशियाकडे चढते. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांच्या विमानांना आकाश बंद केल्यापासून त्यांना अरबी समुद्रावरून वळसा घ्यावा लागतो. येताना वारा पाठीशी असतो, तेव्हा चौदा-पंधरा तासांत मुंबई.

रात्री 1:30 ला निघून त्याच सकाळी 8 ला उतरलो, असं घड्याळ सांगतं. उन्हाळ्यात फरक साडेनऊ तासांचा, नोव्हेंबर ते मार्च साडेदहाचा. शरीराला मात्र संध्याकाळचे साडेपाच वाजलेले असतात.

थांबा घेऊन अंतर फारसं वाढत नाही. लंडनमार्गे बेरीज 12,750 च्या आसपास, दुबईमार्गे 12,950. वाढतात ते जमिनीवरचे तास. दुबईपर्यंत आधी तीन तास आणि मग सलग चौदा, म्हणजे थांबूनही पाठीला काही मिळत नाही. लंडनची विभागणी बरी, पण ट्रान्झिट व्हिसाचा नियम तिकीट काढण्याआधी तपासा. अबू धाबीला अमेरिकेचं इमिग्रेशन तिथेच उरकतं. तिथे दोन तासांचा थांबा घेऊ नका, कमी पडतो.

खरी गोम उतरल्यावर. अबू धाबीमार्गे आला नसाल तर, पुढे शिकागो, डॅलस कुठेही जायचं असलं तरी जेएफकेलाच इमिग्रेशन, बॅगा उचलणं, कस्टम, बॅगा परत देणं आणि पुन्हा सिक्युरिटी. दीड तासाचं कनेक्शन तिकीट म्हणून विकलं जातं, प्रवास म्हणून चालत नाही. कमीत कमी साडेतीन तास, आणि दोन्ही तिकिटं एकाच पीएनआरवर. वेगळी काढली असतील तर पुढचं विमान चुकणं तुमच्या खिशातून. तिकिटावर नुसतं ‘न्यूयॉर्क’ दिसलं तर विमानतळाचा कोड वाचा: जेएफके, ईडब्ल्यूआर (न्यूआर्क) की एलजीए (लाग्वार्डिया). जेएफकेला उतरून न्यूआर्कहून पुढचं विमान म्हणजे अख्खं शहर ओलांडणं, दोन तास सहज. असलं तिकीट फुकट मिळालं तरी नको.

न्यू जर्सीत एडिसनला नातेवाइकांकडे चाललात तर मुळात न्यूआर्कचंच तिकीट बघा. जेएफकेचं स्वस्त पडलेलं सगळं न्यू जर्सीच्या टॅक्सीत जातं. मॅनहॅटनसाठी रांगेतल्या पिवळ्या टॅक्सीचा ठरलेला दर 70 डॉलर, वर टोल, सरचार्ज, टिप. शंभराच्या जवळ जातं. कामाच्या दिवशी दुपारी 4 ते रात्री 8 आणखी 5 डॉलर. टर्मिनलच्या दारात ‘टॅक्सी, टॅक्सी’ करत येणाऱ्याकडे बघूही नका. एकच बॅग असेल तर विमानतळाच्या एअरट्रेनने जमैका स्टेशन, तिथून लाँग आयलंड रेलरोडने पेन स्टेशन, वीसेक मिनिटं. एअरट्रेनचे पैसे जमैकाला बाहेर पडताना लागतात, टर्मिनलांमध्ये फुकट. 23 किलोच्या दोन बॅगा घेऊन हा उद्योग करू नये.

विमानातल्या तासांबद्दल सांगण्यासारखं काही नाही. आयलची सीट घ्या, झोपा.

भाजणी, मेतकूट, मसाले केबिन बॅगेत ठेवलेत तर 350 मिलीपेक्षा जास्त पावडर म्हणून अमेरिकेच्या विमानासाठी वेगळी तपासतात, प्रसंगी काढूनही घेतात. चेक-इनमध्येच भरा. पॉवर बँक उलट: फक्त हातात. आंबे कुठेच नकोत. खाण्याचं जे काही असेल ते कस्टमला विचारायच्या आत सांगून टाका. दंड लपवल्याबद्दल होतो.